काटकसर : गरिबीची सवय की सद्गुण?



विलायतेत स्थायिक झालेल्या आपल्या घरांतून एक वाद हमखास ऐकू येतो. वडीलधारी माणसे म्हणतात, "आम्ही एकेक पेनी वाचवली म्हणून हे घर उभे राहिले." मुले म्हणतात, "तुमच्यापाशी नव्हतेच, म्हणून तुम्ही वाचवलेत. आम्हांला मिळते आहे, मग आम्ही का मन मारावे?" दोन्ही बाजूंना आपलेच म्हणणे खरे वाटते आणि वाद तिथेच अडतो. वरवर पाहता हा पैशाचा वाद आहे, पण मुळाशी प्रश्न नीतीचा आहे. काटकसर हा सद्गुण आहे, की गरिबीने लावलेली नुसती सवय? सवय असेल, तर गरिबीबरोबर तीही गेली म्हणून बिघडले कुठे? आणि सद्गुण असेल, तर तो सुखवस्तू माणसाच्या अंगीही असायला हवा, आणि मुलांना शिकवताही यायला हवा.

मुलांच्या म्हणण्यात तथ्य आहे हे प्रथम मान्य करू. १९६०च्या दशकात भारतातून इकडे येणाऱ्याला परकीय चलनाच्या कडक नियमांमुळे अवघे ३ पौंड बरोबर घेता येत. भाड्याच्या खोलीत गॅसच्या मीटरमध्ये शिलिंगचे नाणे टाकावे तेव्हा शेगडी पेटे, आणि नाणे संपले की विझे. आठवड्याच्या पगारातून भाडे द्यायचे, देशी आईवडिलांना पाठवायचे, आणि उरेल त्यात पोट भरायचे. अशा माणसाने उधळपट्टी केली नाही यात त्याचा मोठेपणा किती? ज्याच्यापुढे एकच ताट आहे त्याने संयमाने दुसरे ताट नाकारले, असे आपण म्हणत नाही. सद्गुणाला निवड लागते. निवडच नव्हती तिथे नाइलाज होता, आणि नाइलाजाचे गोडवे गाऊन मुलांना लाजवण्यात अर्थ नाही.

पण एवढ्यावर प्रश्न सुटत नाही, कारण आपल्या समाजाची गोष्ट त्या ३ पौंडांपासून सुरू झालेली नाही.

कोकणात आपल्या पूर्वजांना शेजारीपाजारी 'शनवार तेली' म्हणत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तेल गाळण्याचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद. त्या नावातला हिशेब मात्र आपण सहसा मांडत नाही. सात दिवस खायचे आणि सहा दिवसच कमवायचे, म्हणजे रोजच्या मिळकतीचा एक भाग सातव्या दिवसासाठी बाजूला ठेवलाच पाहिजे. शनिवारी बैल गोठ्यात उभा आहे, त्याला वैरण घालावी लागते आहे, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या तेल्याकडे जाते आहे. हे लोक श्रीमंत होते असे नाही. गरिबीने त्यांना काही शिकवले असते, तर घाणा सातही दिवस फिरवायला शिकवले असते. तरीही तो थांबला. म्हणजे ही गरिबीची सवय नव्हती, गरिबीच्या सल्ल्याविरुद्ध घेतलेला निर्णय होता. मुलांना सांगायचेच असेल तर 'आम्ही किती हाल काढले' याऐवजी हे सांगावे.

याच पूर्वजांनी पेसाहला 'अनाशी ढाकाचा सण' असे नाव दिले होते. रोजच्या जेवणात चवीला लागणारे आंबट रसाचे भांडे झाकून ठेवायचे, आणि सणाचे दिवस सरल्यावरच उघडायचे. चव आवडत नव्हती म्हणून भांडे झाकले नाही. चव माहीत होती, भांडे घरातच होते, हातही पोहोचत होता, आणि तरी झाकण उघडायचे नाही. काटकसरीचे मूळ मला इथे दिसते. पैसा हा त्यातला नंतरचा भाग. आधी यावे लागते ते थांबणे.

तर मग जितके थांबावे, जितके साठवावे, तितके चांगले का? तोरामधली मान्नाची कथा या प्रश्नाला फार नेमके उत्तर देते. रानात रोज सकाळी मान्ना मिळे. ज्याने त्याने आपल्या गरजेपुरता गोळा करायचा. काहींनी दुसऱ्या दिवसासाठी चोरून ठेवला, तेव्हा त्यात किडे पडले आणि दुर्गंधी सुटली. मात्र शब्बाथच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायचा, आणि तो दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवला तरी नासत नसे. मान्ना तोच, भांडी तीच, ठेवणारे हातही तेच. फरक होता तो कशासाठी ठेवला यात. उद्याच्या ठरलेल्या गरजेसाठी ठेवले ते टिकले. नुसत्या भीतीने आणि हावेने दडपून ठेवले ते सडले. काटकसर आणि कंजूषी यांतली सीमारेषा याहून सोप्या रीतीने सांगणे कठीण आहे. मिसर देशात योसेफनेही सुकाळाच्या सात वर्षांत धान्याचा पाचवा हिस्सा साठवायला लावला, तोही पुढे येणाऱ्या दुष्काळाच्या सात वर्षांसाठी. साठ्याला प्रमाण होते आणि प्रयोजनही होते. उरलेले चार हिस्से लोकांनी खाल्ले, आणि त्यात कोणी पाप मानले नाही.

आता या देशाकडे वळू. आपण आलो तेव्हा इथल्या समाजातही थांबे होते, आणि ते कोणा एकाच्या संयमावर अवलंबून नव्हते. बँका दुपारी लवकर बंद होत. रविवारी मोठी दुकाने बंद असत. खिशात रोकड नसेल तर सोमवारपर्यंत इच्छा तशीच बसून राही, आणि पुष्कळदा सोमवार उजाडेपर्यंत मरूनही जाई. हे थांबे एकेक करून गेले. १९६६ साली बार्कलेकार्ड निघाले. १९६७ साली लंडनच्या एनफिल्ड भागात भिंतीतून नोटा देणारे यंत्र बसले. १९७२ साली अ‍ॅक्सेस कार्ड आले. इच्छा आणि वस्तू यांच्यामधले वाट पाहणे आम्ही काढून टाकतो, अशा आशयाची त्याची जाहिरात खूप गाजली. १९९४च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समधली मोठी दुकाने रविवारी सहा तास उघडी राहू लागली. २००७ साली कार्ड नुसते टेकवून पैसे देण्याची सोय आली, तेव्हा एका वेळची मर्यादा १० पौंड होती. ऑक्टोबर २०२१मध्ये ती १०० पौंड झाली. आणि आता 'आज घ्या, पैसे तीन हप्त्यांत द्या' असे म्हणणारे बटण अंथरुणात पडल्या पडल्या दाबता येते.

यातली प्रत्येक सोय वेगळी पाहिली तर चांगलीच आहे. रात्रीची ड्यूटी करणाऱ्या नर्सला रविवारी दुकान उघडे मिळावे, आजारी माणसाला घरबसल्या औषध मागवता यावे, याला कोण नको म्हणेल? पण सगळ्यांची बेरीज केली तर काय दिसते? पूर्वी समाज माणसासाठी थांबत असे. आता थांबण्याचे सगळे ओझे एकट्या माणसाच्या मनावर पडले आहे. त्या अ‍ॅक्सेस कार्डाच्या जाहिरातीने खरे तेच सांगितले होते. विकत दिले जात होते ते उधार पैसे नव्हते, वाट न पाहण्याची मुभा होती. म्हणून आजच्या मुलांना आपण 'बेजबाबदार' म्हणतो तेव्हा हेही ध्यानात ठेवावे की आपल्याला जो थांबा फुकट मिळत होता, तो त्यांना स्वतः बांधावा लागतो.

पण बांधायचाच कशासाठी? माझे पैसे, माझी हौस, त्यात नीतीचा प्रश्न कुठे आला? असे विचारणारा तरुण उद्धट नाही. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे सुचते. आपण आज खर्च करतो तेव्हा तो व्यवहार दोघांत होत असतो. एक आजचा मी, जो दुकानात हजर आहे. दुसरा दहा वर्षांनंतरचा मी, ज्याला ते हप्ते फेडायचे आहेत, ज्याची नोकरी गेलेली असेल, ज्याचे गुडघे दुखत असतील. हा दुसरा माणूस त्या दुकानात हजर नसतो. त्याच्या वतीने बोलायला कोणी नसते. गैरहजर माणसाच्या वाट्याला हात घालू नये हे आपण एरवी मानतो. पोरक्या मुलाचा पैसा सांभाळणारा चुलता तो उडवू लागला तर त्याला आपण काय म्हणतो, हे सांगायला नको. उद्याचा मी हाही असाच माझ्या स्वाधीन केलेला आहे. आणि त्याच्या पाठीमागे आणखी माणसे उभी असतात. म्हातारी आई असते, शिकणारी भाची असते, देशात अडचणीत सापडलेला भाऊ असतो. ज्याच्यापाशी काही शिल्लकच नाही त्याचे मन कितीही मोठे असले, तरी हात रिकामाच राहतो. १८७५ साली हाईम सॅम्युअल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत आपल्या मुलांसाठी शाळा काढली. अशा संस्था उभ्या राहतात त्या कोणाच्या तरी घरात महिनाअखेर काही उरते म्हणूनच.

यावर व्यवहारी माणसाचा आक्षेप येतो. "वाचवून काय मिळाले? महागाई खाऊन टाकते." हेही खोटे नाही. १९७५ साली ब्रिटनमधली महागाई वर्षाला सुमारे २४ टक्क्यांवर गेली होती. तिच्यामुळेच त्या वर्षी वृद्धांसाठी महागाईच्या प्रमाणात वाढणारी सरकारी बचतपत्रे निघाली, त्यांना लोक 'आजीबाईंची रोखे' म्हणत. नोव्हेंबर १९७९मध्ये बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर १७ टक्के होता, आणि मार्च २०२०मध्ये ०.१ टक्का. ऑक्टोबर २०२२मध्ये महागाई ११.१ टक्के झाली. ज्यांनी पैसे नुसते खात्यात ठेवले त्यांची किंमत घटली. पण या हिशेबात दोन प्रश्नांची गल्लत होते. पैसे कुठे ठेवावेत हा एक प्रश्न, आणि ठेवावेत की नाही हा दुसरा. बॉयलर बिघडला, दोन महिने पगार आला नाही, मुंबईचे विमान उद्याच धरावे लागले, अशा वेळी शिल्लक कामी येते ती नफा म्हणून नव्हे, आधार म्हणून. छत्रीने पीक वाढत नाही म्हणून कोणी छत्री टाकून देत नाही.

मात्र कुठे ठेवावे याकडे डोळेझाक करणे हाही दोषच आहे. २००६ साली फेअरपॅक नावाची ख्रिसमससाठी आगाऊ हप्ते गोळा करणारी कंपनी बुडाली आणि सुमारे दीड लाख लोकांचे पैसे अडकले. हे उधळे लोक नव्हते. आठवड्याला थोडे थोडे बाजूला टाकणारी, बहुतेक बेताच्या मिळकतीची कुटुंबे होती. त्यांचा संयम खरा होता, पण ते पैसे बँकेतल्या ठेवीसारखे संरक्षित नव्हते. आपल्याकडची भिशी, किंवा कॅरिबियन बेटांतून आलेल्या शेजाऱ्यांची 'पार्डनर', हीही शब्दावर चालणारी व्यवस्था. बँका दारात उभे करीत नव्हत्या त्या काळात पार्डनरमधून किती तरी कॅरिबियन कुटुंबांनी घराची पहिली रक्कम उभी केली. ती टिकली याचे कारण सभासद एकमेकांना चेहऱ्याने आणि घरादाराने ओळखत. जिथे ती ओळख नाही तिथे भिशी घालू नये, मग बोलावणारा कितीही गोड बोलो.

आणखी एक सावधगिरी. संयमाचा उपदेश करणाऱ्याला एका प्रयोगाची फार आवड असते. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून लहान मुलांवर तो केला. एक गोड खाऊ समोर ठेवायचा, आणि थोडा वेळ थांबलास तर दोन मिळतील असे सांगायचे. जी मुले थांबली ती पुढे अभ्यासात सरस निघाली, असा त्याचा बोलबाला झाला. पण २०१८ साली अधिक मुलांवर झालेल्या अभ्यासात दिसले की घरची परिस्थिती हिशेबात धरली तर तो फरक बराचसा विरून जातो. ज्या घरात 'उद्या देतो' म्हटलेले उद्या खरोखर मिळते, तिथले मूल थांबायला शिकते. जिथे उद्याचा भरवसाच नाही, तिथे आज हाती आले ते खाणे हाच शहाणपणा ठरतो. म्हणून दोन नोकऱ्या करूनही ज्याचे भागत नाही त्याला 'अंथरूण पाहून पाय पसर' असे सांगू नये. त्याचे अंथरूणच आखूड आहे. आणि आईबापांसाठी यातला धडा असा, की मुलाला काटकसर शिकवायची असेल तर आधी आपण दिलेला शब्द पाळावा.

आता वडीलधाऱ्यांची पाळी. आपल्यातली काही घरे अशी आहेत, जिथे खात्यात शिल्लक आहे, घर स्वतःचे आहे, आणि जानेवारीच्या थंडीत आजी दोन स्वेटर घालून अंधाऱ्या खोलीत बसलेली आहे. हीटर लावायचा नाही, कारण "मुलांना राहील". मुले म्हणतात, "आई, आम्हांला नको गं ते पैसे, तू उबेत राहा," तरी ती ऐकत नाही. हिला आपण काटकसर म्हणावे काय? एके काळी ती काटकसर होती. आता प्रयोजन संपले आहे आणि भीती तेवढी उरली आहे. सहाव्या दिवशीचा मान्ना आठव्या दिवशीही झाकून ठेवण्यासारखे हे आहे. हौसेने उधळणारा नातू आणि थंडीत बसणारी आजी वरकरणी परस्परविरुद्ध दिसतात, पण दोघांनीही एकच प्रश्न विचारायचे सोडून दिले आहे : हे पैसे कशासाठी?

यातूनच दुसरे दुःख निर्माण होते. ज्या घरात काटकसरीचा फार अभिमान मिरवला जातो, त्या घरात मुले आपले कर्ज लपवतात. "पप्पांना कळले तर काय म्हणतील?" या भीतीने एका कार्डाचे देणे दुसऱ्या कार्डाने फेडले जाते आणि देणे वाढत राहते. लग्नकार्यातही तेच. हॉल मोठा हवा, मेंदीला दोनशे माणसे हवीत, कारण लोक काय म्हणतील. आणि ऋण काढून सण साजरा होतो. कर्जात सापडलेल्या मुलाला पहिल्या दिवशी उपदेश करू नये. त्याच्याबरोबर टेबलाशी बसावे, सगळी देणी कागदावर मांडावीत, आणि गरज पडल्यास १९९३पासून काम करणाऱ्या स्टेपचेंजसारख्या संस्थेचा फुकट सल्ला घ्यावा. उपदेशासाठी पुढे आयुष्य पडले आहे.

शेवटी व्यवहाराच्या चार गोष्टी. संयम रोज नव्याने करावा लागला तर माणूस थकतो, म्हणून तो एकदाच ठरवून टाकावा. पगार होतो त्याच दिवशी ठरलेली रक्कम बचतीच्या खात्यात आपोआप जावी, अशी सूचना बँकेला देऊन ठेवावी. ऑक्टोबर २०१२पासून या देशात नोकरदारांच्या पेन्शनची कपात याच तत्त्वावर सुरू झाली : नाव आपोआप दाखल होते, नको असेल तर स्वतः सांगून बाहेर पडावे लागते. एप्रिल २०१९मध्ये किमान वर्गणी मालकाचा वाटा धरून ८ टक्के झाली. या सोयीतून उगाच बाहेर पडू नये, कारण मालकाचा वाटा सोडणे म्हणजे पगारच सोडणे. बेताची मिळकत असून युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्या कामकऱ्यांसाठी २०१८ साली 'हेल्प टू सेव्ह' ही सरकारी योजना आली. तिच्यात महिन्याला ५० पौंडांपर्यंत टाकता येतात आणि चार वर्षांत जास्तीत जास्त १,२०० पौंड बोनस मिळतो. प्रत्येक शिलकीला नाव द्यावे : बॉयलर, मुंबईचे तिकीट, मुलीचे शिक्षण, दानधर्म. नाव असलेल्या पैशाला हात लावताना मन कचरते. दानधर्माचा वाटा शेवटी उरले त्यातून काढू नये. तोही पगाराच्याच दिवशी बाजूला व्हावा.

आणि क्षणिक मोहासाठी एक नियम सुचवतो, जो आपल्याला परका वाटू नये. अन्न, औषध आणि नड सोडून जी वस्तू घ्यावीशी वाटेल, ती मध्ये एक शब्बाथ गेल्याशिवाय घेऊ नये. बुधवारी मन झाले तर रविवारपर्यंत थांबावे. शुक्रवारच्या दिव्यापासून शनिवारच्या सांजेपर्यंत पैशाला हात न लावण्याची आपली जुनी रीत आहेच, तिच्याच पाठीमागे हा थांबा बांधावा. रविवारीही वस्तू तितकीच हवीशी वाटली आणि पैसे असले तर खुशाल घ्यावी, आणि घेतल्यावर हळहळू नये. कारण थांबून घेतलेल्या वस्तूचा आनंद उपभोगता येणे हाही काटकसरीचाच भाग आहे.

तेव्हा वादाचा निवाडा असा करता येईल. मुलांचे खरे आहे. गरिबीने लावलेली सवय गरिबीबरोबर गेली तर जाऊ द्यावी, तिच्यातली भीती तर अवश्य जाऊ द्यावी. वडिलांचेही खरे आहे. त्या सवयीच्या आत एक निराळी गोष्ट होती, जी गरिबीहून जुनी आहे. हात पोहोचत असताना थांबता येणे, आणि वेळ आली की मोकळ्या हाताने देता येणे, या दोन्ही गोष्टी ज्याला जमतात तो पैशाचा धनी. एकच जमणारा पैशाचा चाकर, मग तो उधळ्या असो की कंजूष. पुढल्या वेळी घरात हा वाद निघाला तर कोण बरोबर हे न विचारता, वडिलांनी मुलांना आणि मुलांनी वडिलांना एवढेच विचारावे : "हे कशासाठी ठेवले आहे, आणि हे कशासाठी घेतो आहेस?" उत्तर दोघांनाही द्यावे लागेल.